अठ्ठावन्नव्या बॅचचं धुणं

कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारची सीट सव्वीस वर्षं रिकामी राहिली. त्यात कुणाचा राग-लोभ नव्हता. ज्या आम्लात माझं काम चाले त्या प्रोपिऑनिक आम्लाला आंबून गेलेल्या ताकाचा आणि चार दिवस न धुतलेल्या मोज्यांचा मिळून येईल तसा वास येतो. तो साबणानं जात नाही, लिंबानं जात नाही, देवाच्या उदबत्तीनंही जात नाही. भूगावला मी बसमध्ये चढले की माणसं आपोआप पुढं सरकत. नवीन मुलगी चुकून शेजारी बसलीच तर पिरंगुटपर्यंत तिला मागच्या सीटवरची एखादी मैत्रीण आठवायची.

भाजीवाली वेगळंच विचारायची. "ताई, एवढी जांभळं कुठं मिळाली?" कारण माझी बोटं बारा महिने जांभळी. मी तिला खरं सांगून बघितलं एकदा. म्हटलं, रक्त लाल का आणि पान हिरवं का, त्याच्या मुळाशी जो रेणू आहे त्याचा भाऊबंद मी बनवते. ती म्हणाली, "असू दे, असू दे," आणि कोथिंबीर जास्त दिली. तिला माझी काळजी वाटली असावी.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी "तुमच्या कामाविषयी लिहा, पण सोपं लिहा" असं सांगितलंय, म्हणून आधी तेवढं सांगून टाकते. घोटावड्याजवळच्या एका छोट्या रासायनिक कंपनीत मी पॉर्फिरिन नावाचे रेणू बनवायची. फुगडीला चौघीजणी हात धरून गोल उभ्या राहाव्यात, तशी चार लहान कडी एकमेकांना जोडून एक मोठं कडं होतं. मध्ये जागा रिकामी. तिथं लोखंड बसलं की रक्ताचा लाल रंग, मॅग्नेशियम बसलं आणि कड्यात थोडा फेरफार झाला की पानाचा हिरवा. काहीच बसवलं नाही तर आमची जांभळी भुकटी. या कड्यावरून इलेक्ट्रॉन मोकळे फिरत असतात, त्यामुळं त्याला उजेड शोषायची फार आवड. त्यातही गर्द जांभळा उजेड तो अधाशासारखा पितो. हिरवा, पिवळा, तांबडा नुसता चाखतो.

कुठला उजेड किती प्यायला हे मोजायचं एक यंत्र असतं, ते कागदावर रेघ काढून देतं. चांगल्या पॉर्फिरिनची रेघ मी झोपेतही काढून दाखवीन. डावीकडं एक उंच सुळका, त्याच्या उजवीकडं उतरत्या चार बुटक्या टेकड्या. मध्ये धातू बसवला की चार टेकड्यांच्या सहसा दोनच उरतात. ही रेघ पहिल्यांदा दाखवली तेव्हा किसनमामा म्हणाले होते, "म्याडम, ह्यो आमच्या गावामागचा डोंगूर हाय." आणि धातूवाली रेघ बघून, "हितल्या दोन टेकड्या कुटं गेल्या? बिल्डरनं फोडल्या जनू."

किसनमामा म्हणजे किसन मारुती वाळंज, माझे मदतनीस. वयानं माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे, शिक्षण चौथी. भातशेती होती, ती भावांत वाटून इतकी उरली होती की बांधावर उभं राहून पलीकडं थुंकता येईल, असं तेच सांगत. आमची खोली वेगळी होती. पॉर्फिरिनचे काही प्रकार उजेडाला फार हळवे असतात. उजेड प्यायलेला रेणू ती ताकद शेजारच्या हवेतल्या ऑक्सिजनला देऊन टाकतो, मग तो ऑक्सिजन पिसाळतो आणि समोर येईल त्याला चावतो, बहुतेक वेळा त्या रेणूलाच. डॉक्टर लोक याच खोडीचा उपयोग करून कॅन्सरच्या गाठीवर औषध आणि उजेड टाकून ती गाठ मारतात. आम्हाला मात्र ती खोडी परवडणारी नव्हती. म्हणून खिडक्यांना काळा रंग, दाराला दुहेरी पडदा आणि आत एक मंद लाल दिवा, कारण लाल उजेड या रेणूला सगळ्यात कमी लागतो. बाहेर ऊन रखरखत असायचं आणि आम्ही दोघं दिवसाढवळ्या त्या लाल अंधारात. मी लग्न केलेलं नाही. घरी बोलायला कुणी नव्हतं, त्यामुळं आयुष्यातलं माझं बरंचसं बोलणं त्या खोलीत आणि त्या एका माणसाशी झालं.

गिऱ्हाईकंही एकेक नमुने. एकानं गणपतीच्या देखाव्यासाठी पाच किलो मागितलं होतं, कारण काळ्या दिव्याखाली, म्हणजे अतिनील उजेडात, ते निखाऱ्यासारखं लाल चमकतं हे त्यानं कुठंतरी वाचलेलं. आमची अख्ख्या वर्षाची निर्मिती पाच किलो नव्हती. एका प्राध्यापकांना दर वेळी भुकटीचा रंग "थोडा अधिक गंभीर" हवा असायचा. मी तीच बाटली पुन्हा पाठवायची आणि ते आभाराचं पत्र लिहायचे. बाकी माणसं परदेशातली, विद्यापीठातली. त्यांची तोंडं कधी दिसली नाहीत.

आता धुण्याविषयी. आमच्या कामात धुण्याला फार मान आहे, बाहेरच्यांना ते पटत नाही. आम्लात उकळून झालं की भांडं गार करायचं, जांभळे स्फटिक खाली बसतात, ते गाळून घ्यायचे आणि गरम पाण्यानं आम्ल पुरतं निघून जाईपर्यंत धुवायचे. आम्ल मागं राहिलं तर कड्याच्या मधल्या जागेत शिरून बसतं, माल हिरवट होतो आणि आलेखातल्या सुळक्याशेजारी दुसरा सुळका उभा राहतो. दोन सुळके दिसले की समजायचं, धुणाऱ्यानं घाई केली. हे धुणं किसनमामांचं. सात पाणी. सातव्या पाण्याचा थेंब निळ्या लिटमस कागदावर टाकायचा. निळा राहिला तर आम्ल गेलं, गुलाबी झाला तर आठवं पाणी.

पण लाल दिव्याखाली निळं निळं दिसत नाही. निळा कागद काळा दिसतो आणि गुलाबी झालेला पांढुरका. पहिल्या आठवड्यात मीच त्यांना शिकवलं होतं, "मामा, काळा तो चांगला." ते त्यांनी धरून ठेवलं. लिहायचा त्यांना कंटाळा. म्हणून नातवाची एक जुनी वही आणून खिळ्याला टांगली आणि प्रत्येक बॅचचा शेवटचा कागद तिच्यात डकवून शेजारी नुसता आकडा घालायचे. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "लिवायला येळ लागतुया म्याडम. डकवायला न्हाई लागत." असं करायला त्यांना कुणीही सांगितलं नव्हतं.

अठ्ठावन्नव्या बॅचचा माल परदेशातल्या एका संशोधकाला गेला. महिन्याभरानं त्याची मेल आली, दोनच ओळींची. तुमच्या मालाचा एक सुळका जाऊन दोन झाले आहेत, सोबत आलेख जोडला आहे, या बॅचविषयी बोलायला हवं. मी आलेख उघडला. सुळका मधोमध दुभंगलेला होता.

आता जे झालं ते जसंच्या तसं लिहिते. त्याच बॅचचा आमच्या यंत्रावरचा आलेख माझ्या फायलीत होता, एक सुळका, चार टेकड्या, स्वच्छ. राखून ठेवलेल्या नमुन्याची बाटली कपाटात होती, तिचं झाकण उघडलं असतं तर आत हिरवट काही नाही हे दिसलं असतं. वही खिळ्यावर होती. यातलं एकही मी बघितलं नाही. परदेशातलं यंत्र महागाचं, त्याचं खरं असणार, हे मी धरूनच चालले. तपासायचा नमुना काढायचं काम माझं होतं, तेव्हा चूक माझ्यावर येण्याआधी ती दुसरीकडं गेली तर बरं, हेही मनात होतं. तेव्हा ते मी स्वतःशीही कबूल केलं नसतं.

सकाळी कामाआधी सगळे अंगणात उभे राहायचे, दहा-अकरा माणसं. मालकांनी, म्हणजे आमच्या साहेबांनी, ती मेल वाचून तिथंच विचारलं, "हे कसं झालं?"

मी म्हटलं, "आम्ल राहिलंय. धुणं पुरं झालेलं नाही."

सगळ्यांनी किसनमामांकडं बघितलं.

"न्हाई म्याडम," मामा म्हणाले. "सात पाणी दिल्यात म्या. कागुद काळा व्हता."

"काळा?" साहेब म्हणाले. "अहो मामा, तो कागद निळा असतो नाहीतर लाल. काळा कुठून आणलात?"

माणसं हसली. त्या अंगणात काळा म्हणजे काय हे फक्त दोघांना माहीत होतं, त्यांना आणि मला. मामांनी माझ्याकडं बघितलं. मी एक वाक्य बोलायचं होतं. मी बोललेही, पण ते असं: "लाल दिव्याखाली तुम्हाला रंग काय कळणार, मामा!"

माणसं पुन्हा हसली. मी आत जाऊन रजिस्टरमध्ये शेरा लिहिला. 'धुणं अपूर्ण. कामगाराचा निष्काळजीपणा.' खाली सही केली. माझं अक्षर चांगलं आहे.

मामा दुपारपर्यंत थांबले. राहिलेली भांडी घासून उपडी घातली, ॲप्रन धुवून वाळत टाकला, चपला घातल्या आणि गेले. हिशोबाला आले तेव्हाही माझ्याकडं आले नाहीत. बसमध्ये आजूबाजूच्या गावचीच माणसं, त्यामुळं किसन वाळंजांनी परदेशी जाणारा माल नासवला ही गोष्ट चार दिवसांत सगळीकडं पोचली.

आठव्या दिवशी आमच्या माफीच्या मेलला संशोधकाचं उत्तर आलं. त्यात उद्गारचिन्हं फार होती. तुमचा गैरसमज झाला, तक्रार कसली, आम्हाला अगदी हेच हवं होतं! बोलायचं म्हणजे असाच माल आणखी पाहिजे!

झालं होतं असं. त्यानं आमची भुकटी पारदर्शक प्लास्टिकमध्ये कालवून तिचा अतिशय पातळ थर केला आणि समोरासमोर ठेवलेल्या दोन चांदीच्या आरशांमध्ये बसवला. आरशांमधली फट इतकी कमी की तिच्यात रेणूच्या आवडीचा तो जांभळा उजेड नेमका मावतो. उजेड एका आरशावरून दुसऱ्यावर जातो, मध्ये रेणू त्याला पितो, परत सोडतो, पुन्हा पितो, आणि ही देवाणघेवाण इतक्या झपाट्यानं चालते की ती ताकद या क्षणी उजेडाची आहे की रेणूची हे सांगता येत नाही. दोघांचं मिळून काहीतरी तिसरंच होतं, आणि त्याच्या दोन पायऱ्या असतात, एक थोडी वर, एक थोडी खाली. म्हणून एका सुळक्याचे दोन. नुसतं आरशांमध्ये ठेवून रासायनिक क्रियेची चाल बदलता येईल का, यावर लोकांचं काम चाललंय आणि वादही चाललेत. गंमत म्हणजे याला दिवा लावावाच लागतो असं नाही. पार अंधारातही त्या फटीचा परिणाम रेणूवर व्हायचा तो होतोच.

पण माल अशुद्ध असता तर ते सुळके असे रेखीव फाटलेच नसते, असंही त्यानं लिहिलं होतं. मी लाल खोलीत गेले आणि खिळ्यावरची वही काढली. अठ्ठावन्न आकड्याशेजारचा कागद काळा होता. दाराचे दोन्ही पडदे सारून उन्हात नेला. निळा.

त्याच दिवशी साहेबांना सांगता आलं असतं. मी एवढंच सांगितलं की गिऱ्हाईक खूश आहे, पुन्हा माल मागतंय. त्यांनी बरं म्हटलं. पुढचं सांगायचं म्हणजे मला माझ्याच विषयातली गोष्ट ओळखता आली नाही हे त्याच अंगणात, त्याच माणसांसमोर सांगायचं. आज सांगू, उद्या सांगू करत मी ते कधीच सांगितलं नाही. मामांना निरोप मात्र धाडला, बसचा ड्रायव्हर अंकुश त्यांच्या गावचा होता त्याच्याबरोबर, की कामावर या. अंकुश परत येऊन म्हणाला, "न्हाई येत म्हनत्यात." मी कशासाठी बोलावतेय हे निरोपात नव्हतं.

नंतरची नऊ वर्षं मी त्या खोलीत एकटीनं काम केलं. मदतीला माणसं दिली होती, पण कुणी टिकलं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही टिकू दिलं नाही. सात पाणी स्वतः द्यायची आणि कागद काळा दिसला की सवयीनं मोठ्यानं म्हणायची, "काळा आहे." उत्तर यायचं नाही. मामांना पिरंगुटच्या कारखान्यांत कुणी ठेवून घेतलं नाही, ते लवासात वॉचमन झालेत, हेही अंकुशकडूनच कळलं. मी "हो का" म्हटलं.

निवृत्त होऊन वर्ष होईल. भूगावच्या फ्लॅटला चारी बाजूंनी खिडक्या आहेत आणि मी पडदे ओढूनच बसते. उजेडाची सवय राहिली नाही. घरात दोन माणसं येतात, दूधवाला आणि मीटरवाला. वासही आता गेलाय अंगाचा, पण शेजारी बसायला तसं कुणी नाही. एका मंगळवारी मी वही आणि तो आलेख पिशवीत घातला आणि रिक्षा करून लवासाला गेले.

तलावाच्या वरच्या अंगाला एक अर्धवट राहिलेली पाच मजली इमारत आहे, खिडक्यांना काचा नाहीत. खाली प्लास्टिकच्या खुर्चीवर मामा बसले होते. केस पांढरे झालेत. मला बघून उठले.

"या म्याडम. आज हिकडं कुटं?" खुर्ची मला दिली, स्वतः पायरीवर बसले. बाटलीतलं पाणी दिलं. "हितं मानूस दिसत न्हाई दिसदिस. माकडं येत्यात."

मी आधी वही दिली. त्यांनी ती उघडली आणि हसले. "आयला, निळं हायेत की समदे! ह्ये म्या उजेडात बघितलंच न्हवतं कदी."

मग आलेख दिला. तो त्यांनी लांब धरून बघितला. "ह्यो तर आपलाच डोंगूर. पर मधनं चिरलाय."

मी आरशांचं सांगितलं. ते नीट ऐकत होते, पूर्वी ऐकायचे तसेच. "न्हाव्याच्या दुकानात म्होरं बी आरसा न् मागं बी आरसा, तसंच व्हय?"

"तसंच."

"म्हंजी माल बराबर व्हता."

"बरोबर होता, मामा. एकदम स्वच्छ होता."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, झालं, सुटले मी.

"ह्ये तुमाला कदी कळलं, म्याडम?"

खोटं बोलता आलं असतं. "आठ दिवसांनी," मी म्हटलं. "तुम्ही गेल्यावर आठ दिवसांनी."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. "आट दिसांनी तर मी घरीच व्हतो की. भात काढीत व्हतो."

मला रडू आलं. त्यांनी बाटली पुन्हा पुढं सरकवली. मी माफी मागितली, जशी जमली तशी.

"माझ्याम्होरं कशापायी सांगताया?" मामा म्हणाले. आवाज चढला नव्हता. "माल बराबर हाय ह्ये मला त्या दिशीच ठावं व्हतं. ज्येंच्याम्होरं बोलला त्येंच्याम्होरं सांगा."

वही त्यांनी ठेवून घेतली. आलेख परत दिला.

दुसऱ्याच दिवशी मी कंपनीत गेले. साहेबांनी ती विकून वर्ष झालंय. नव्या लोकांनी जुनी रजिस्टरं रद्दीत काढली. शेरा खोडायला पान उरलं नाही. अंगणातली ती दहा-अकरा माणसं कुणी भोरला, कुणी चाकणला, एक गेलासुद्धा. अंगणावर शेड झाली आहे.

त्यानंतर पंधरा दिवसांनी संपादकांचा फोन आला. हा अंक पिरंगुट, घोटावडे, भूगावात घरोघरी जातो आणि दिवाळीनंतरही पडून राहतो, हे मला माहीत आहे. म्हणून होकार दिला. रजिस्टरमध्ये लिहायचं ते आता इथं लिहिते.

बॅच अठ्ठावन्न. पाणी सात दिली. शेवटच्या पाण्याचा कागद निळा. धुणं पूर्ण. धुणारे, किसन मारुती वाळंज. आधीचा शेरा खोटा. तो खोटा आहे हे शेरा लिहिणाऱ्या बाईला आठव्या दिवशी कळलं होतं.